गाठीवरचं बोट

जवसाच्या तेलाचा वास आला की कुणाला चटणी आठवत असेल. मला कसबा बावड्याच्या कडेचं एक क्रिकेटचं मैदान आठवतं. गेल्या महिन्यात शाहूपुरीतल्या माझ्या फ्लॅटच्या भिंतीवरून मी आमची बॅट खाली काढली, जुन्या पातळाच्या तुकड्यानं पुसली आणि वाटीत तेल घेऊन तिला चोळायला बसले. लाकूड कितीतरी वर्षांचं तहानलेलं होतं. बोटांखाली तेल जिरत गेलं, आणि त्या वासासरशी ओला काथ्या, विलायती तंबाखू, साखर कारखान्याची मळी, आप्पांच्या सदऱ्याचा घाम असं एकामागून एक खोलीत येऊन बसलं.

बॅट खाली काढायचं कारण म्हणजे एक फोन. आबासाहेबांचा नातू विक्रम बोलत होता. मैदानाचं आता लग्नाचं लॉन झालं आहे, हे मला माहीत होतं. जुनं पॅव्हेलियन मात्र त्यानं पाडलेलं नव्हतं. तिथं आजोबांच्या टोप्या, कप, फोटो मांडून तो एक दालन करणार होता.

"ताई, तुमच्या वडिलांकडं आजोबांची ती शंभर केलेली बॅट होती न्हवं? रविवारी घेऊन या की. काचेच्या कपाटात ठेवू. खाली तुमच्या वडिलांचं नाव घालू."

त्या शेवटच्या वाक्यानं मी विरघळले. आप्पांचं नाव आजवर कुठं लागलं नव्हतं. माझ्या पदवीच्या कागदावर मधलं नाव म्हणून आहे, तेवढंच. मी लगेच हो म्हटलं.

आबासाहेब एका सरदार घराण्यातले धाकटे. थोरल्याच्या वाट्याला जहागिरीचा कारभार आला, यांच्या वाट्याला हौस. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांना शिकायला विलायतेला पाठवलं. दोन उन्हाळे राहून ते परत आले ते पदवीशिवाय. सोबत लाकडी पेट्या होत्या. त्या उघडल्या तेव्हा आत पुस्तकांऐवजी बॅटी निघाल्या, पॅड निघाले, पांढऱ्या फ्लॅनेलच्या विजारी निघाल्या आणि डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले स्वेटर निघाले. हे आप्पांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, आणि मी आप्पांकडून. आमच्याकडं रामायण-महाभारत कुणी सांगत नसे. आबासाहेबांच्या पेट्या सांगत.

मग बावड्याच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडं, त्यांनी मैदान काढलं. बाभळी तोडल्या, मुरूम पसरला. रोलर ओढायला बैल, आणि बैलांच्या खुरांनी जमीन उखडू नये म्हणून त्यांच्या पायात कातड्याचे बूट. गाव बघायला लोटलं. "माणसं अनवाणी आन् बैलं बुटात," असं कुणीतरी म्हणालं होतं, ते आप्पा हसत हसत सांगत. आप्पा तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले. तेही अनवाणीच होते.

आबासाहेब पैशासाठी कधी खेळले नाहीत. तो शब्दसुद्धा त्यांना सोसत नसे. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत दर हिवाळ्यात ते खेळायला बाहेर पडत. मुंबई, पुणे, कुठल्या कुठल्या संस्थानांची मैदानं. सोबत आचारी, धोबी, आणि बॅटींची लांबट कातडी पिशवी सांभाळायला आमचे आप्पा. आगगाडीत आबासाहेब पहिल्या वर्गात, बॅटीही पहिल्या वर्गात, आप्पा तिसऱ्या. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून आप्पा खिडकीतून विचारत, "सरकार, बॅटी बऱ्या हायत न्हवं?" आणि आतून आबासाहेब म्हणत, "झोपल्यात. तू बी झोप."

माझ्या लहानपणापर्यंत हे सगळं ओसरलं होतं. संस्थान गेलं होतं, आचारी गेला होता. आबासाहेबांचे गुडघे आखडले होते. पण दिवाळी झाली की मॅट बाहेर निघायची, ती तशीच. कोकणातून आणलेल्या काथ्याची ती लांबच लांब चटई कोठीत गुंडाळून ठेवलेली असे. बाहेर काढली की तिला पावसाळ्याचा वास यायचा, कुबट आणि थोडा खारट. मग ती काठ्यांनी झोडपायची, पाणी शिंपून खेळपट्टीवर पसरायची, चारी बाजूंनी ताणायची आणि खुंट्या ठोकायच्या. मोगरीचा तो ठक्‌ ठक्‌ आवाज आमच्या घरापर्यंत येई. शेजारच्या बाया म्हणत, "चला, सरकारांचं लगीन लागलं." ठोकून झालं की आप्पा गुडघ्यांवर बसून तळहात चटईवरून फिरवत, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"मॅट ढिली ऱ्हायली की चेंडू खोटं बोलतोय," ते म्हणत.

आणि शंभर धावा. ती गोष्ट आप्पा संध्याकाळी पाय धुता धुता सांगत, एक पाय धुतलेला, दुसरा तसाच. गोऱ्यांची टीम आली होती. बँड होता, मडमांच्या छत्र्या होत्या, आणि ओढ्याकडच्या बांधावर अख्खा बावडा बसला होता. आबासाहेबांनी सकाळी बॅट हातात घेतली ती दुपार कलेपर्यंत खाली ठेवली नाही.

"कट म्हंजी कसा? उसाचं वाढं छाटतोय न्हवं आपण, तसा. नुसतं मनगाट. चेंडू गेला कुठं ते गोऱ्यांस्नी बांधावरची माणसं वरडल्यावर कळायचं."

शंभराला थोड्याच धावा उरल्या असताना बॅटीच्या टोकाला चीर गेली. दुसरी बॅट घेऊन आप्पाच धावले. आबासाहेब म्हणाले, "नको. हिनंच इथवर आणलंय." आणि त्या फुटक्या बॅटीनं शंभर पुरे केले. दुसऱ्या डावात चेंडू बॅटीला नुसता चाटून गेला. कुणाला ऐकू आलं नाही, पंचांनी बोट वर केलं नाही. तरी आबासाहेब बॅट काखेत घेऊन चालू लागले. हे सांगताना आप्पांचा दुसरा पाय धुवायचा तसाच राहून जायचा. आई आतून ओरडायची, "सरकार आऊट झालं असतील तर जेवायला या आता!"

मी चौथीत असेन तेव्हाची एक दुपार मला अगदी लख्ख आठवते. कारखान्याचा हंगाम सुरू होता. मळीचा वास आणि जळक्या पाचटाची काळी कुसं वाऱ्यावर येत होती. मी आप्पांची भाकरी घेऊन मैदानावर गेले होते. पॅव्हेलियनच्या व्हरांड्यात आबासाहेब वेताच्या खुर्चीत बसले होते. पायाशी तीन-चार जुन्या बॅटी पडल्या होत्या. मांडीवर एक बॅट आडवी, हातात मेणाचा गोळा आणि काळा दोरा. दोरा मेणावरून ओढून ते बॅटीच्या टोकाला गुंडाळत होते, एकाशेजारी एक, इतका नीट की मध्ये केसाचंही अंतर नाही. मी बघत उभी राहिले.

"पोरी, इकडं ये. हितं बोट ठेव."

मी बोट ठेवलं. त्यांनी त्यावरून दोरा घेतला आणि गाठ आवळली. माझं बोट त्यांच्या बोटांना लागलं. मी दचकले, कारण त्या काळात आमच्यासारख्यांचा हात कुणालाही असा लागत नसे. आप्पांचा चहाचा कप पॅव्हेलियनमागच्या खिळ्याला वेगळा टांगलेला असे. आबासाहेब मात्र दचकले नाहीत. "दाबून धर," एवढंच म्हणाले. "गाठ सुटली तर सगळं सुटलं." मग दुसरी बॅट मांडीवर घेतली. मी परत बोट ठेवलं. दोरा कातडीत रुतायचा, मेणाचा वास यायचा, आणि मला वाटत होतं, हे काम कधी संपू नये.

त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळी, आप्पा मांजरपाटात गुंडाळलेलं काहीतरी कवटाळून घरी आले. दार लावून घेतलं. कापड सोडलं. आत बॅट होती, टोकाला काळा मेणदोरा.

"शंभराची हाय," आप्पा कुजबुजले. "सरकारांनी दिली. म्हणालं, गणपा, पोरालाबी दिली न्हाय, तुला देतोय. कुणाला सांगू नगंस, बाकीच्यांस्नी वाईट वाटंल."

"आन् आपल्याला काय वाटायचं म्हंते मी?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांची मोटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. आप्पा धुतलेला सदरा घालून गेले, आणि दुपारी जिलबीचा पुडा घेऊन आले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी जिलबीआधी त्यांच्याकडंच बघत राहिले.

"आत बसवलं मला. गादीवर, सरकारांच्या शेजारी. कचेरीत गेलतो. मामलेदारसाहेबांनी इचारलं, ओढ्याकडचं रान तू कसतोस काय? म्हटलं, न्हाय साहेब. मी ग्राउंडमन. मी मॅट घालतो."

आईच्या हातात भुईमुगाच्या शेंगांचं सूप होतं. ओढ्याकडच्याच रानातल्या शेंगा.

"आन् हे काय मॅटवर उगवलं व्हय?" ती म्हणाली.

आप्पा पुड्याची दोरी सोडत बसले. आईनं जिलबीला हात लावला नाही. आमच्या वाट्याची जिलबी मात्र तिनं आम्हाला नीट वाटून दिली.

त्या हिवाळ्यानंतर आम्ही ओढ्याकडच्या रानात गेलो नाही. ओल्या शेंगा भाजतानाचा धूर, बांधावरची चिंच, आईचं भांगलताना हलक्या आवाजात गाणं म्हणणं, हे एकदमच थांबलं. आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जाऊ लागली. आप्पा मॅट घालत राहिले.

दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातले देव पंचगंगेत गेले होते. देवळी रिकामी झाली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि आता तिच्या पलीकडं दोन खिळ्यांवर बॅट आडवी टांगली गेली. आईला ते कधी पटलं नाही. "त्येत्तीस कोटी सोडलं आन् ह्यो एक धरून ठिवला," ती म्हणायची. बॅटीला तिनं जन्मात हात लावला नाही. दिवाळीला भिंती सारवून चुना द्यायची तेव्हासुद्धा बॅट न काढता तिच्या भोवतीनं कुंचा फिरवायची. आप्पा गेल्यानंतर घर सोडताना मी बॅट उतरवली, तेव्हा भिंतीवर बॅटीच्या आकाराची पिवळी, जुनी जागा उघडी पडली. बाकी भिंतीवर चुन्याचे किती थर चढले होते, ते त्या जागेमुळं कळलं.

मला शाळेसाठी कुरुंदवाडला मावशीकडं ठेवलं होतं. सुट्टीत बावड्याला आले की मी मैदानावर जाई. आबासाहेबांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. इंग्रजी पेपर त्यांच्या पायाशी तसाच घडीत पडलेला असे. एकदा म्हणाले, "शाळेत जातीस न्हवं? वाच बघू." मी वाचलं. माझे उच्चार ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी मला एकेक शब्द म्हणायला शिकवला. जीभ कुठं टेकवायची, ओठ कधी मिटायचे. क्रिकेटच्या बातम्यांतून मी इंग्रजी शिकले. पाऊस आला की खेळ थांबतो, उजेड गेला की थांबतो, हे मला आधी इंग्रजीत कळलं. वाचून झालं की ते आपल्या किटलीतून मला चहा ओतत, त्यांच्यातल्याच पांढऱ्या कपात. मागच्या खिळ्यावरचा कप तोवर गेलेला होता. कुणी काढला ते माहीत नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, पंचांनी दिलं नसताना तुम्ही का चालू लागलात? ते म्हणाले, "आपण आऊट आहोत हे आपल्याला सगळ्यांच्या आधी कळतं, पोरी. मग पंचाकडं बघायचं नसतं."

पुढं मी शिक्षिका झाले. चौतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. कॉपी करताना सापडलेल्या प्रत्येक मुलीला मी हे वाक्य सांगितलं आहे.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडं गेले. आमच्या गल्लीतली मी पहिली पदवीधर. आबासाहेबांना त्या वेळी खुर्चीतून उठणं फार जड जाई. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले आणि उठले. माझ्यासमोर उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या, हळू, दमानं, एखाद्यानं शंभर केल्यावर पॅव्हेलियनमध्ये वाजवतात तशा. आप्पा खाली मैदानात मोगरी हातात धरून रडत होते. माझ्यासाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं. त्यानंतरही कुणी राहिलं नाही.

शिकल्यावर ओढ्याकडच्या रानाचा अर्थ मला कळला होता. रान आबासाहेबांचं, कसत आम्ही होतो; कचेरीत कूळ म्हणून आप्पांचं नाव लागलं असतं तर कसणाऱ्याला जमीन देणाऱ्या नव्या कायद्यानं ते आमचं झालं असतं. आप्पांनी कचेरीत एका वाक्यात ते सोडलं. मला त्याचा राग आला होता, नाही असं नाही. पण मी स्वतःची समजूत घातली. दोन माणसं एका खेळावर सारखंच प्रेम करत होती. एकानं आपल्याकडं होतं ते रान दिलं. दुसऱ्यानं आपल्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वस्तू दिली, पोटच्या पोरालाही न देता. हा व्यवहार कुणाला वेडेपणाचा वाटेल, मला तो मोठ्या मनांचा वाटत होता. आणि त्या वस्तूच्या गाठीवर माझं बोट होतं. वर्गात, लग्नकार्यात, नातवंडांना, किती जणांना मी हे सांगितलं असेल.

तर रविवारी बॅट जुन्या रेशमी पातळात गुंडाळून मी रिक्षानं लॉनवर गेले. जिथं खेळपट्टी होती तिथं आता स्टेज आहे. सगळीकडं हिरवंगार प्लॅस्टिकचं गवत. आप्पा असते तर गुडघ्यांवर बसून त्यावरून हात फिरवला असता आणि काहीतरी बोलले असते. संध्याकाळी कुणाचं तरी लग्न होतं. मागं रश्श्याला फोडणी पडली होती. ओढ्याच्या बाजूला, आमचं रान होतं तिथं, चार मजली बिल्डिंगांच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

पॅव्हेलियनच्या पायरीवर म्हादूनाना बसले होते. रोलरचे बैल हाकणाऱ्या सखाबांचा हा मुलगा. आता माझ्याहून थकलेला. त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

"बाई, तुमीबी आलाय व्हय?" ते म्हणाले. "काय आणलंसा?"

"आमची बॅट. शंभराची."

नाना माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चादर सोडली. आत बॅट होती. जुनी, काळवंडलेली. टोकाला मेणदोरा.

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बघते आहे. मी पातळ सोडलं. दोन्ही बॅटी पायरीवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोरा तसाच, काळा, नीट, मध्ये केसाचंही अंतर नाही. गाठही त्याच बाजूला.

"आमच्या बाला दिल्ती," नाना म्हणाले. "कुणाला सांगू नगंस म्हणालं हुतं. मामलेदाराकडं जायच्या आदल्या सांजंला."

तेवढ्यात आतून मुमताज बाहेर आली. आबासाहेबांची पेरूची बाग सांभाळणाऱ्या हुसेनचाचांची ही नात, महापालिकेत नोकरीला आहे. पायरीवरच्या दोन बॅटी बघून ती हसायलाच लागली.

"या अल्ला! आता तिसरी बघा. आत काचेत ठेवून आले मी. आमचे दादाजान मरेपर्यंत उशाशी घेऊन झोपायचे हो." मग तिचं हसू थांबलं. "म्हणजे पेरूची बाग पण...?"

"व्हय की," नाना म्हणाले. "आन् पलीकडचं रान कसायचा त्या लक्षूमामाला बी दिल्ती म्हणं. त्येच्या सुनंनं बंबात घातली. शानी बाई."

नानांनी आपल्या बॅटीच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "खरी एक असणारच की," ते म्हणाले. "शंबर तर केलंतंच त्यांनी, माझ्या बानं डोळ्यानं बघितलंय. बाई, तुमचीच असंल. तुमचा बा त्यांच्या लई जवळचा."

ते मला धीर देत होते. मला त्याचीही लाज वाटली आणि मी तो धीर घेतलाही.

विक्रम आला. तीन बॅटी बघून तो मनापासून खूश झाला. "भारी! तिन्ही लावू या एका रांगेत. आजोबा म्हणजे एक नंबर हुशार माणूस!" तो वाईट मुलगा नाही. त्यानं छापून आणलेली पाटी मला दाखवली. सोनेरी अक्षरांत आप्पांचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं, निष्ठावंत सेवक.

मी म्हटलं, "विक्रम, सेवक काढ. तिथं कूळ असं घाल. ओढ्याकडच्या रानाचे कूळ. मग ठेवते बॅट."

"ताई," तो हळूच म्हणाला, "लग्नाच्या हॉलात असलं काय लिहायचं? लोक जेवायला येतात."

बाहेर मांडवात कुणीतरी माईक तपासत होतं. हॅलो, हॅलो. मी बॅट उचलली. नानांनी आपली ठेवली. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरात सुनंला जागा नाय." मुमताजनं काचेचं कपाट उघडायला लावलं आणि आपली काढून घेतली. जाताना तिनं मला खांद्याशी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत उन्हात बसले. खाली शाहूपुरीची दुकानं उघडत होती, शटर वर जात होती. बॅट मांडीवर आडवी घेतली, आबासाहेब घेत तशीच. नानांचं वाक्य डोक्यात होतं. खरी एक असणारच. आप्पा जवळचे होते, हे तर खोटं नव्हतं. टोकाला चीर असेल तर बाकीच्या बॅटी कशाही असोत. मग आप्पांच्या धुतलेल्या सदऱ्याला, गादीवर बसण्याला, जिलबीला काहीतरी किंमत राहते. मग आईला मी म्हणू शकते, बघ, निदान ही तरी खरी होती.

गाठ लगेच सापडली. तिच्यावर मी बोट ठेवलं. ते बोट आता वाकडं झालं आहे, नखाशी फुगलेलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं मेण अजून चिकट होतं. सुईनं गाठ सैल केली आणि दोरा उलगडायला लागले. एकेक फेरा सुटत होता आणि मेणाचा वास येत होता, तोच. त्या वासाबरोबर आबासाहेबांचं माझ्यासाठी उठून उभं राहणं, कपात ओतलेला चहा, ओठ कुठं मिटायचे ते दाखवणारा त्यांचा सुरकुतलेला चेहरा, सगळं आलं, आणि मी त्यातलं काहीच परत पाठवू शकले नाही. ते मला शब्द शिकवत होते तेव्हा आमचं रान त्यांच्या पाठीमागंच होतं. आपण आऊट आहोत हे आपल्याला आधी कळतं, असं म्हणताना ते कुणाकडं बघत होते, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मला आठवेना.

शेवटचा फेरा सुटला. खालचं लाकूड कोवळं, पांढरं होतं. इतकी वर्षं ऊन न लागलेलं. मी बॅट उजेडाकडं वळवली, टोक डोळ्यांजवळ नेलं. मग दिसण्यावर भरवसा ठेवला नाही. आप्पा मॅटवरून फिरवत तसा हात फिरवला, एकदा सुलट, एकदा उलट.

कुठंही चीर नव्हती.